ओढते फोकणी यंत्र : फेकीची रुंदी आणि कामाची रुंदी

शेतीच्या बहुतेक कामांत झालेली चूक लगेच नजरेस येते. नांगराचे तास वाकडे गेले, तर मागे वळून पाहताच ते कळते. पाभरीची एखादी नळी तुंबली, तर चाड्यावर मूठ धरणाऱ्याच्या ते तेव्हाच ध्यानात येते. बी किंवा खत फोकून देण्याच्या कामात मात्र असे होत नाही. दाणे मातीत मिसळून जातात आणि सर्व शेत सारखेच दिसते. चूक उघडकीस येते ती पंधरावीस दिवसांनी. तेव्हा पिकात एक पट्टा काळपट हिरवा व शेजारचा पट्टा पिवळसर, अशी आखणी केल्यासारखी रचना दिसू लागते. त्या वेळी उपाय करण्याचा काळ बहुधा निघून गेलेला असतो.

हाताने फोकणारा कसबी माणूस पावलागणिक एक मूठ टाकतो व त्याचा हात आणि पाऊल यांचा मेळ बसलेला असतो. परंतु क्षेत्र मोठे झाले की हात थकतो आणि सकाळची मूठ दुपारी राहत नाही. मोठ्या क्षेत्रावर थोड्या वेळात व सारख्या प्रमाणात बी किंवा खत पसरता यावे, यासाठी ट्रॅक्टरमागे ओढून न्यावयाचे फोकणी यंत्र वापरतात. बाजारात त्यास स्प्रेडर म्हणतात. हे यंत्र थकत नाही हे खरे. परंतु त्यास मोजताही येत नाही. मोजून दिलेले काम ते नेमके करते आणि न मोजता दिलेले काम तितक्याच वेगाने बिघडविते. यास्तव यंत्र चालविण्यापूर्वी ते मोजावे कसे, हाच या पाठाचा मुख्य विषय आहे.

यंत्राची रचना

ओढत्या फोकणी यंत्राचे मुख्य भाग पाच आहेत.

(१) पेटी : ही वरून रुंद व खाली निमुळती असते. तीत बी किंवा खत भरतात. तोंडावर जाळी असल्यास खताची ढेकळे व सुतळीचे तुकडे आत जात नाहीत.

(२) ढवळणी : पेटीच्या तळाशी फिरणारा हा दांडा खत साचू देत नाही व ते झडपेकडे सरकत ठेवतो.

(३) झडप : हिच्या उघडझापीवर खाली पडणाऱ्या मालाचे प्रमाण अवलंबून असते. झडपेच्या दांडीजवळ आकड्यांची पट्टी असते.

(४) फिरती तबकडी : ही झडपेखाली आडवी फिरते. तिच्यावर उभी पाती बसविलेली असतात. वरून पडलेले दाणे पात्यांच्या आधाराने कडेकडे सरकतात व मागे आणि दोन्ही बाजूंस दूर फेकले जातात. मोठ्या यंत्रांत परस्परांविरुद्ध फिरणाऱ्या दोन तबकड्या असतात.

(५) चाके व जोडदांडा : यांच्या योगाने यंत्र ट्रॅक्टरमागे ओढले जाते.

तबकडीस गती देण्याच्या पद्धती दोन आहेत. लहान यंत्रांत ती यंत्राच्या स्वतःच्या चाकांपासून दंतचक्रांमार्फत मिळते. मोठ्या यंत्रांत ट्रॅक्टरच्या पी.टी.ओ. दांड्यापासून मिळते, या दांड्याची प्रमाणित गती सामान्यतः मिनिटास ५४० फेरे असते. हा भेद ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. पहिल्या प्रकारात ट्रॅक्टर मंद चालला की तबकडीही मंद फिरते आणि फेक आखूड पडते. दुसऱ्या प्रकारात, पी.टी.ओ.ची गती कायम ठेवल्यास, फेक तीच राहते. पण ट्रॅक्टर मंद चालला तर तेवढ्याच जमिनीवर अधिक माल पडतो. चाकांवर चालणाऱ्या अनेक लहान यंत्रांतही माल झडपेतून केवळ स्वतःच्या भाराने पडत असतो. म्हणून तेथेही वेग बदलला की मात्रा बदलते. तात्पर्य, यंत्र कोणतेही असो, ज्या वेगाने मोजणी केली त्याच वेगाने काम केले पाहिजे.

यंत्र कोठे वापरावे व कोठे वापरू नये

प्रत्येक औताची जागा ठरलेली असते. फोकणी यंत्र हे पाभरीच्या किंवा तिफणीच्या जागी वापरावयाचे साधन नव्हे. ज्वारी, हरभरा, सोयाबीन, कापूस यांसारखी पिके ओळीत व ठराविक खोलीवर पेरावी लागतात. कोरडवाहू शेतीत तर बी ओलीपर्यंत पोहोचले पाहिजे. ते काम पाभरच करू शकते. स्फुरदयुक्त खतेही फोकून देण्यापेक्षा पेरून देणे हिताचे असते. स्फुरद जमिनीत फारसे हलत नाही. जेथे पडेल तेथेच बहुतांशी राहते. ते बियांजवळ, थोडे खोल व ओलीत पडले, तरच कोवळ्या मुळांना लवकर सापडते. यासाठी बी व खत एकाच वेळी पेरणारी दोन चाड्यांची पाभर हेच योग्य साधन होय.

मग फोकणी यंत्राची जागा कोणती? पहिले काम, ताग, धैंचा यांसारख्या हिरवळीच्या पिकांचे बी आणि गवताचे किंवा चाऱ्याचे बी मोठ्या क्षेत्रावर फोकणे. दुसरे काम, गव्हासारख्या दाट पेरलेल्या बागायती पिकास नत्राचा दुसरा हप्ता देणे. तिसरे काम, दाणेदार भूसुधारके पसरणे. चोपण जमिनीत मातीच्या कणांना चिकटलेला सोडियम हटविण्यासाठी जिप्सम आणि कोकणातील आम्ल जांभ्या जमिनीत चुना, असे पदार्थ सर्व पृष्ठभागावर सारखे पसरून मातीत मिसळावे लागतात. हे पदार्थ भुकटीच्या रूपात असतील, तर त्यांना कोणते यंत्र लागते, ते पुढे सांगितले आहे.

चिखलणी केलेल्या भातखाचरात ओढते यंत्र चालत नाही. तसेच वाफसा येण्यापूर्वी काळ्या जमिनीत ट्रॅक्टर घातल्यास चाकांखालची जमीन दडपली जाते आणि खताचा लाभ त्या नुकसानीत बुडतो.

फेकीची रुंदी व कामाची रुंदी

यंत्र चालू असताना पाहणाऱ्यास दाणे दोन्ही बाजूंस सहा-सहा मीटर लांब जाताना दिसतात. तो समजतो की यंत्र बारा मीटर रुंदीचे काम करते. मग शेताच्या एका टोकाकडून परत येताना तो बारा मीटर अंतर सोडून दुसरी फेरी घेतो. पिकात पट्टे पडतात ते नेमके या समजुतीमुळे.

तबकडीने फेकलेला माल सर्व रुंदीवर सारखा पडत नाही. मध्यभागी तो दाट पडतो आणि कडेकडे विरळ होत जातो. शेवटच्या मीटरात तर नावापुरतेच दाणे पोहोचतात. म्हणून एका फेरीची विरळ कड दुसऱ्या फेरीच्या विरळ कडेवर चढवावी लागते. दोन विरळ कडा मिळून एक पुरी मात्रा होते. दोन लगतच्या फेऱ्यांच्या मध्यरेषांतील योग्य अंतर म्हणजेच कामाची रुंदी. दाणा जितक्या दूर पोहोचतो ती फेकीची रुंदी. या दोन रुंदी एक नव्हेत. कामाची रुंदी नेहमीच कमी असते.

एक उदाहरण घेऊ. समजा, एका यंत्राची परीक्षा केली असता जमिनीवर ठेवलेल्या डब्यांत पुढीलप्रमाणे युरिया मिळाला.

मध्यरेषेवर : १० ग्रॅम
मध्यापासून १ मीटरवर : १० ग्रॅम
२ मीटरवर : ९ ग्रॅम
३ मीटरवर : ७ ग्रॅम
४ मीटरवर : ५ ग्रॅम
५ मीटरवर : ३ ग्रॅम
६ मीटरवर : १ ग्रॅम

दुसऱ्या बाजूसही हीच मापे आहेत असे धरू. येथे फेकीची रुंदी १२ मीटर आहे. आता फेऱ्यांमध्ये किती अंतर ठेवावे ते पाहू.

अंतर ८ मीटर ठेवल्यास पहिल्या फेरीपासून ४ मीटरवरची जागा दुसऱ्या फेरीपासूनही ४ मीटरवर येते. तेथे ५ व ५ मिळून १० ग्रॅम पडतात. ३ मीटरवर ७ व ३ मिळून १०, आणि २ मीटरवर ९ व १ मिळून १०. म्हणजे सर्व शेतात सारखी मात्रा मिळते.

अंतर १२ मीटर ठेवल्यास ५ मीटरवर केवळ ३ ग्रॅम आणि दोन फेऱ्यांच्या बरोबर मध्ये १ व १ मिळून २ ग्रॅम पडतात. चाकोरीजवळच्या पिकास पुरी मात्रा मिळते, तर मधल्या पट्ट्यास तिचा पाचवा हिस्सा. या शेतकऱ्याच्या घरी शेवटी युरिया उरतो व त्यास ती बचत वाटते. वस्तुतः ती बचत नसून मधल्या पट्ट्याची उपासमार असते.

अंतर ६ मीटर ठेवल्यास १२ ते १४ ग्रॅमपर्यंत माल पडतो. म्हणजे सरासरीने तिसरा हिस्सा अधिक खत जाते. असे पीक माजते, गव्हासारखे पीक लोळते आणि खताचा पैसा वाया जातो.

यावरून एक सोपा नियम निघतो. डब्यांतील माप मध्यभागाच्या मापाच्या निम्मे जेथे होते, ते ठिकाण शोधावे. मध्यरेषेपासून त्या ठिकाणापर्यंतच्या अंतराची दुप्पट म्हणजे कामाची रुंदी. वरील उदाहरणात मध्यभागी १० ग्रॅम आहेत, निम्मे म्हणजे ५ ग्रॅम ४ मीटरवर आहेत. म्हणून कामाची रुंदी ८ मीटर. मध्यभागी उंच व दोन्ही कडांस सारख्या उताराने कमी होणाऱ्या फेकीस हा नियम लागू पडतो.

डब्यांची परीक्षा कशी करावी

या परीक्षेस खर्च नाही. तेलाच्या डब्यांचे पत्रे कापून किंवा जुन्या पाट्यांपासून एकाच मापाची उथळ तबके तयार करावीत. ५० सेंटिमीटर लांब व तितकेच रुंद तबक सोयीचे असते. पत्र्यावर पडलेला दाणा उसळून बाहेर जातो. म्हणून तळाशी गोणपाटाचा तुकडा अंथरावा. सपाट जागी, वारा नसताना, यंत्राच्या वाटेस आडव्या अशा एका रेषेत दर मीटरास एक याप्रमाणे तबके मांडावीत. चाकांच्या वाटेत येणारी तबके थोडी बाजूस सरकवावीत.

यंत्र तबकांच्या बरेच अलीकडे सुरू करून, नेहमीच्या वेगाने तबकांवरून पुढे न्यावे व बरेच पलीकडे गेल्यावर थांबवावे. एका फेरीत पडणारा माल थोडा असतो. हेक्टरी १०० किलो मात्रेस अशा एका तबकात केवळ अडीच ग्रॅम युरिया पडतो. घरगुती तराजूवर हे वजन नीट होत नाही. म्हणून त्याच वाटेने, त्याच दिशेने चार फेऱ्या घ्याव्यात. मग प्रत्येक तबकातील माल वेगवेगळा तोलावा. वरील उदाहरणातील मापे अशा चार फेऱ्यांची आहेत. बारीक तराजू नसेल, तर एकाच आकाराच्या काचेच्या नळ्यांत तबकांतील माल ओतून नळ्या क्रमाने उभ्या ठेवाव्यात. कमीअधिक उंची पाहताच फेकीचे चित्र डोळ्यांसमोर उभे राहते. अक्षरओळख नसलेल्या शेतकऱ्यासही हे चित्र वाचता येते.

चित्रावरून दोष ओळखावेत. एका बाजूच्या नळ्या दुसरीपेक्षा उंच दिसल्या, तर माल तबकडीवर योग्य जागी पडत नाही किंवा यंत्र एका बाजूस कललेले आहे. दोन्ही चाकांतील हवा सारखी आहे काय ते प्रथम पाहावे. नंतर माल पडण्याची जागा यंत्राच्या माहितीपुस्तिकेप्रमाणे सरकवावी. मध्येच एखादी नळी ठेंगणी असेल, तर पाते झिजलेले, वाकलेले किंवा त्यावर खत चिकटलेले असण्याचा संभव असतो. दोष काढून पुन्हा परीक्षा घ्यावी.

मात्रा बसविणे

कामाची रुंदी कळल्यावरच मात्रा बसविता येते. समजा, हेक्टरी १०० किलो युरिया द्यावयाचा आहे. युरियात शेकडा ४६ भाग नत्र असते. म्हणजे यातून हेक्टरास ४६ किलो नत्र मिळेल. कामाची रुंदी ८ मीटर आहे.

यंत्र १०० मीटर चालले म्हणजे ८०० चौरस मीटर, अर्थात ८ आर क्षेत्र झाले. हे क्षेत्र जवळजवळ ८ गुंठ्यांइतके आहे. हेक्टरास १०० किलो, तर ८ आर क्षेत्रास ८ किलो. म्हणून १०० मीटर अंतरात पेटीतून नेमका ८ किलो माल गेला पाहिजे.

शेतातच १०० मीटरांवर दोन खुंट्या ठोकाव्यात. पेटीत २० किलो युरिया तोलून घालावा. पहिल्या खुंटीपाशी झडप उघडावी व दुसरीपाशी बंद करावी. उरलेला माल ताडपत्रीवर काढून तोलावा. १२ किलो उरला तर मात्रा बरोबर आहे. १० किलोच उरला, तर हेक्टरास १२५ किलो जात आहे. झडप थोडी मिटावी व पुन्हा मोजावे. या परीक्षेत गेलेला माल शेतातच पडत असल्याने तो वाया जात नाही. तो पट्टा मात्र पुढच्या हिशेबात धरावा. झडपेचे स्थान बरेच बदलावे लागल्यास तबकांची परीक्षाही पुन्हा घ्यावी, कारण पडणाऱ्या मालाचे प्रमाण बदलले की फेकीचे चित्रही थोडे बदलते.

वेग ओळखण्याची खूण सोपी आहे. ताशी ६ किलोमीटर वेगाने १०० मीटर अंतर बरोबर एका मिनिटात कापले जाते. हा वेग देणारा गिअर व इंजिनाची गती टिपून ठेवावी आणि काम संपेपर्यंत बदलू नये.

झडपेच्या पट्टीवरील आकड्यांवर सर्वस्वी विसंबू नये. ते एका विशिष्ट मालासाठी बसविलेले असतात. ओलसर युरिया, बारीक दाण्याचा युरिया व ठोसर दाण्याचा युरिया एकाच आकड्यावर सारखे पडत नाहीत.

काम चालू असतानाही एक पडताळा घेता येतो. युरियाच्या पिशवीत ४५ किलो माल असतो. हेक्टरी १०० किलो मात्रेने एक पिशवी ४५ आर क्षेत्रास, म्हणजे १०० मीटर लांबीच्या साडेपाच फेऱ्यांहून किंचित अधिक कामास पुरली पाहिजे. पिशवी चौथ्याच फेरीस संपली किंवा सातव्या फेरीपर्यंत टिकली, तर थांबून पुन्हा मोजणी करावी.

प्रत्यक्ष काम

शेताच्या दोन्ही टोकांस दर ८ मीटरांवर निशाणे लावावीत. ८ मीटरांवर गाठी मारलेला दोर असल्यास हे काम दोन माणसे थोड्या वेळात करतात. डोळ्यांच्या अंदाजाने फेऱ्या घेऊ नयेत. खत जमिनीवर दिसत नसल्याने मागील फेरीची कड नजरेस येत नाही. उभ्या गव्हात खत द्यावयाचे असल्यास पेरणीच्याच वेळी कामाच्या रुंदीप्रमाणे चाकोऱ्या मोकळ्या ठेवणे उत्तम. त्यामुळे पीक तुडविले जात नाही व निशाणांचीही गरज राहत नाही.

बांधालगत यंत्र नेल्यास माल शेजाऱ्याच्या शेतात, वाटेवर किंवा ओढ्यात पडतो. म्हणून पहिली फेरी बांधापासून फेकीच्या निम्म्या रुंदीइतकी, म्हणजे उदाहरणातील यंत्राने ६ मीटर, आत घ्यावी आणि कडेची उणीव हाताने भरून काढावी. विहीर व पाण्याचा पाट यांच्या जवळपासही याच पद्धतीने काम करावे.

ट्रॅक्टर चालू लागल्यावर झडप उघडावी व थांबण्यापूर्वी ती मिटावी. यंत्र उभे असताना झडप उघडी राहिल्यास एका जागी ढीग पडतो आणि तेथील पीक करपते. वळणावरही झडप मिटलेली असावी.

वेळेची निवडही महत्त्वाची आहे. पहाटे पानांवर दव असते; युरियाचे दाणे ओल्या पानांस चिकटून पाने करपतात. दुपारी वारा सुटतो व हलके दाणे एका बाजूस वाहून जातात. म्हणून दव उठल्यापासून वारा सुटेपर्यंतचा काळ या कामास योग्य होय. जमिनीवर उघडा पडलेला युरिया ओलसर पृष्ठभागावर विरघळून त्यातील नत्राचा काही अंश अमोनिया वायूच्या रूपाने उडून जातो. चुनखडीयुक्त व विम्ल जमिनीत ही हानी अधिक होते. यास्तव युरिया दिल्यावर लवकरच हलके पाणी द्यावे, किंवा पीक नसलेल्या शेतात तो मातीआड करावा.

हिरवळीचे बी फोकण्यासाठी ठरलेली मात्रा दोन भागांत देणे चांगले. झडप निम्म्या मात्रेवर बसवून एकदा शेताच्या लांबीने व एकदा रुंदीने फोकावे. यामुळे पहिल्या वेळी राहिलेल्या उणिवा दुसऱ्या वेळी बऱ्याच भरून निघतात. वेळ व इंधन अधिक लागते, पण उगवण सारखी होते. फोकल्यानंतर कुळवाची हलकी पाळी देऊन बी झाकावे. उघडे बी पाखरे वेचतात.

खताचा व बियांचा स्वभाव

प्रत्येक मालाची फेक वेगळी असते. जड व ठोसर दाणा दूर जातो. हलका, बारीक किंवा कुसळाचा दाणा जवळ पडतो. म्हणून युरियासाठी काढलेली कामाची रुंदी धैंच्याच्या किंवा गवताच्या बियांस लावू नये. माल बदलला की परीक्षा नव्याने करावी.

याच कारणामुळे वेगवेगळ्या आकाराच्या दाण्यांची खते मिसळून फोकू नयेत. मोठे दाणे कडेस व बारीक दाणे मध्यभागी पडतात. एका पट्ट्यास एक अन्नद्रव्य अधिक व दुसऱ्यास दुसरे अधिक मिळते. युरिया व सुपर फॉस्फेट मिसळून ठेवल्यास मिश्रणास पाणी सुटून ते चिकट होते व यंत्र तुंबते. युरिया हवेतील ओलही शोषतो. पावसाळी हवेत पिशव्या आधीच फोडून ठेवू नयेत आणि रात्री पेटीत माल राहू देऊ नये.

जिप्समची भुकटी निमुळत्या पेटीत कमानीसारखी अडकून राहते व खाली उतरत नाही. तिच्यासाठी तळाशी सरकता पट्टा किंवा साखळी असलेले रुंद पेटीचे यंत्र लागते. असे यंत्र नसल्यास ठराविक अंतरावर मोजून ढीग घालून ते हाताने पसरावेत. जिप्समची मात्रा माती परीक्षणावरूनच ठरवावी. ते मातीच्या वरच्या थरात मिसळून, निचऱ्याची सोय केल्यावर भरपूर पाणी द्यावे, तरच सुटा झालेला सोडियम खाली वाहून जातो. निचऱ्यावाचून घातलेल्या जिप्समपासून पूर्ण लाभ मिळत नाही, मग ते यंत्राने कितीही सारखे पसरलेले असो.

निगा व सुरक्षितता

(१) यंत्र चालू असताना पेटीत हात किंवा काठी घालू नये. तुंबलेली पेटी ट्रॅक्टर बंद करूनच मोकळी करावी.

(२) पी.टी.ओ. दांड्यावर आवरण असल्याखेरीज काम सुरू करू नये. धोतर, साडीचा पदर, उपरणे यांसारखे सैल वस्त्र दांड्यात गुंतल्यास प्राणावर बेतते.

(३) यंत्रावर किंवा जोडदांड्यावर कोणासही बसवू नये. फेकीच्या टप्प्यात माणसे, मुले व गुरे नसावीत; वेगाने आलेला दाणा डोळ्यास इजा करतो.

(४) औषध लावलेले बी हाताळताना हातमोजे घालावेत. उरलेले असे बी खाण्यासाठी किंवा गुरांना देण्यासाठी वापरू नये.

(५) खत लोखंडास खाते. काम संपल्यावर त्याच संध्याकाळी पेटी रिकामी करून यंत्र पाण्याने धुवावे, कोरडे करावे व लोखंडी भागांस तेलाचा हात द्यावा. धुतलेले पाणी विहिरीकडे किंवा गुरांच्या हौदाकडे जाऊ देऊ नये. गंजलेली झडप पूर्ण मिटत नाही आणि मग मोजणीचा सर्व खटाटोप व्यर्थ होतो.

समाईक वापर व ग्रामकार्यकर्त्याचे काम

२०१५–१६ च्या कृषिगणनेनुसार महाराष्ट्रात सरासरी धारणक्षेत्र १.३४ हेक्टर होते. एवढ्या क्षेत्रासाठी एकट्या शेतकऱ्याने मोठे फोकणी यंत्र घेणे परवडण्यासारखे नाही. वर्षातील थोडेच दिवस चालणारे हे यंत्र गावाच्या समाईक उपयोगाचे आहे. सहकारी संस्था, शेतकरी गट किंवा भाड्याने अवजारे देणारी अवजारे बँक यांच्यामार्फत ते वापरावे. २०१४–१५ मध्ये सुरू झालेल्या कृषी यांत्रिकीकरणाच्या केंद्रीय उपअभियानात भाडेतत्त्वावरील अशा अवजार केंद्रांस स्थान देण्यात आले.

भाड्याच्या यंत्रात एक धोका असतो. चालकास मजुरी क्षेत्रावर मिळते; म्हणून फेऱ्या दूरदूर घेऊन काम लवकर उरकण्याकडे त्याचा कल होऊ शकतो. त्याचा दोष त्या दिवशी कोणास दिसत नाही आणि पट्टे दिसतात तेव्हा यंत्र दुसऱ्या गावी गेलेले असते. म्हणून काम सुरू होण्यापूर्वी शेतकऱ्याने स्वतः निशाणे लावावीत, १०० मीटरांची मोजणी आपल्यासमोर करून घ्यावी आणि पिशव्यांचा हिशेब ठेवावा. ही तीन कामे केली म्हणजे चालकाशी वाद घालण्याची वेळ येत नाही.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने यंत्राचे प्रात्यक्षिक दाखविताना केवळ यंत्र फिरवून दाखवू नये. तबके मांडावीत, नळ्या उभ्या कराव्यात आणि फेऱ्यांतील योग्य अंतर किती, हे जमलेल्या शेतकऱ्यांकडूनच काढून घ्यावे. प्रत्येक यंत्रासोबत एक वही ठेवावी. तीत मालाचे नाव, कामाची रुंदी, झडपेचा आकडा, गिअर व १०० मीटरांत गेलेला माल यांची नोंद करावी. एका हंगामाची अशी वही पुढील हंगामात मोजणीचा आरंभ कोठून करावा हे सांगते. तथापि ती मोजणीची जागा घेत नाही.

यंत्राने कष्ट वाचतात व वेळही वाचतो. परंतु दाणा कोठे पडावा याची जबाबदारी, मूठ असो की तबकडी, शेतकऱ्याचीच राहते. सकाळचा एक तास तबकांच्या परीक्षेस दिला, तर सर्व हंगाम पीक एका रंगाचे राहते.

उजळणीसाठी उदाहरण

एका यंत्राने हेक्टरी ४८ किलो धैंच्याचे बी फोकावयाचे आहे. दहा फेऱ्यांनंतर तबकांत मध्यभागी १२ ग्रॅम, १ मीटरवर १२, २ मीटरवर १०, ३ मीटरवर ६, ४ मीटरवर २ व ५ मीटरवर शून्य ग्रॅम बी मिळाले. दोन्ही बाजूंची मापे सारखी आहेत. कामाची रुंदी किती आणि १०० मीटरांत किती बी गेले पाहिजे?

उत्तर : मध्यभागाच्या निम्मे, म्हणजे ६ ग्रॅम, ३ मीटरवर मिळाले, म्हणून कामाची रुंदी ६ मीटर. १०० मीटरांत ६ आर क्षेत्र होते. त्यास २ किलो ८८० ग्रॅम बी गेले पाहिजे.